मजला येऊ दे

मिरीच्या आईचं काम बोलण्याचं होतं. शहरभरच्या लिफ्टा सांभाळणाऱ्या एका कंपनीत ती फोनवर बसायची. कुठल्याही इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली आणि आतल्या माणसाने घंटीचं बटण दाबलं, की ती घंटी आईच्या टेबलावर वाजे. समोरच्या पडद्यावर इमारतीचा पत्ता उमटे. आई हेडफोन जरा नीट करून म्हणे, "घाबरू नका, मी बोलतेय. आत किती जण आहात?"

मग मेकॅनिक पोचेपर्यंत बोलत राहायचं. हवापाण्याचं, पोराबाळांचं, गुडघेदुखीचं. काय बोलतो ते महत्त्वाचं नाही, आवाज तुटता कामा नये. नियम तसे दोनच होते. लाईन आपण तोडायची नाही. आणि आतल्या माणसाला दार ढकलू द्यायचं नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली असली की फटीतून बाहेरचा उजेड दिसतो आणि चांगल्या शहाण्यासुरत्या माणसाला वाटतं, एवढीशी तर उडी आहे. जीव जातो तो तिथे. अडकून कुणी मरत नाही, बाहेर पडायच्या घाईने मरतात. म्हणून दिवसातून कितीतरी वेळा आई म्हणायची, "दाराला हात लावू नका. मजला येऊ द्या."

मिरीचा बाबा त्याच कंपनीत मेकॅनिक. लग्नाआधी वर्षभर दोघं फक्त फोनवर बोलत होते, 'पोचलो', 'निघालो', 'आत एक आजी आहेत, त्यांना पाणी द्या' असलं. "आवाजावर भाळले आणि चेहरा नंतर पाहिला, तोवर उशीर झाला होता," असं आई सगळ्यांना सांगायची. बाबाच्या कामाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून चालू करू नये. मग वर जाऊन हाताने चाक फिरवत केबिन मजल्याला आणायची. मगच दार उघडायचं. इतक्या वर्षांत त्याने दुसरी पायरी कधी गाळली नव्हती. त्याचा तो अभिमान होता, आणि तो बोलून दाखवण्यातला नव्हता.

या दोघांची एकुलती एक पोरगी म्हणजे मिरी. खरं नाव शाळेत लावायला होतं. जन्मली तेव्हा बारकी, काळी आणि तिखट, म्हणून मिरी, ती मिरीच राहिली.

पंधरावं लागलं आणि मिरी खेळात गेली. "खेळायला लागली" असं आई म्हणत नसे, "गेली" असंच म्हणे. त्या खेळात एक इमारत होती, तिला शेवट नव्हता. प्रत्येक मजल्यावर काहीतरी संकट, ते निभावलं की जिना, जिना चढला की पुढचा मजला, आणि मजल्यावर पाऊल पडलं की एक बारीक घंटा वाजायची. घंटा वाजली की तिथवरचं सगळं आपलं. मध्येच सोडलं तर जिन्यातच राहिलो. मिरी कानांना हेडफोन लावून न पाहिलेल्या दोस्तांबरोबर तासन्‌तास चढत असायची.

"मिरे, जेवायला चल."

"आले. मजला येऊ दे."

पहिल्यांदा हे ऐकून आईला हसू आलं होतं. "ए, हे वाक्य माझं आहे!"

"मग तुला तरी कळायला पाहिजे," आतून उत्तर आलं.

हसू फार टिकलं नाही. शाळेतून फोन यायला लागले. पोहणं सुटलं. आंघोळीला पाठवायचं म्हणजे आई-बाबांच्या नाकी नऊ यायचे. पलंगाखाली ताटल्या सापडायच्या, त्यांच्यावरचं अन्न वाळून चिकटलेलं. एकदा आईने हेडफोनला हात घातला तर मिरीने तिला ढकललं. आईच्या कोपराला लागलं. मिरी घाबरली, रडली, "चुकून गं" म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत परत पडद्याकडे वळली. त्या वळण्याने आईला कोपरापेक्षा जास्त लागलं.

"तूही दिवसभर कानाला हेच लावून अनोळखी लोकांशी बोलत असतेस ना?" मिरी म्हणायची. आईकडे याला उत्तर होतं, पण ते पाठ केल्यासारखं वाटायचं म्हणून ती देत नसे.

शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे दोघं गेले. बाई तरुण होत्या, पण बोलण्यात घाई नव्हती. "ओढून बाहेर काढू नका," त्या म्हणाल्या. "आधी शेजारी जाऊन बसा. ती कुठे असते, कुणाबरोबर असते, ते बघा. वेळ ठरवा, पण तिला घेऊन ठरवा. आणि थांबवायचंच असेल तर थांबण्यासारख्या जागी थांबवा, अधेमधे नको. दिवस लागतील. कंटाळा येईल तुम्हाला."

कंटाळा आलाच. आई काही संध्याकाळी शेजारी बसली, पण दिवसभर बोलून थकलेला जीव, खुर्चीतच पेंगायचा. बाबा दारात उभा राहायचा, हाताची घडी घालून, आणि निघून जायचा.

अशात आत्या राहायला आली. आत्या म्हणजे बाबाची मोठी बहीण. मनाने वाईट नाही, पण जिभेला गाळणी नाही. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ, जेवण टेबलावर येऊन निवायला लागलेलं, आणि खोलीतून तेच. "आले, आले. मजला येऊ दे." परत तेच. परत तेच. आत्याने चमचा खाली ठेवला.

"वहिनी, एक विचारू? घरात पोरगी आहे की भाडेकरू?"

बाबा उठला. हात धुतले. बाहेरच्या बोळकांडीत जाऊन त्याने घराचा मेन स्विच खाली ओढला, कामाच्या पिशवीतलं आपलं कुलूप काढून त्याला अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली. इतकी वर्षं रोज करत आला तसंच, सफाईने.

आईला आठवतंय, ती अर्धवट उठली होती. "अहो, मजला..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

फ्रिज कण्हून बंद पडला. पंख्याची पाती हळू झाली, मोजता येतील इतकी हळू, मग थांबली. त्या शांततेत मिरीच्या खोलीतून एक आवाज आला. किंकाळी नव्हती ती. उतरताना एखादी पायरी चुकली की पोटातून जो निघतो, तसा आवाज. एकदाच.

मग दार उघडलं आणि मिरी बाहेर आली. हेडफोन काढून ठेवलेले, केस मागे सारलेले. सगळ्यांना वाटलं आता घर डोक्यावर घेणार. तिने हात धुतले, खुर्ची सरकवली आणि बसली.

"बरं, बाबा," ती म्हणाली.

आत्याने आईकडे पाहून मान डोलावली. म्हणजे, बघा, इतकं सोपं होतं.

खेळाचं यंत्र बाबाच्या लोखंडी पेटीत गेलं. पेटीला दुसरं कुलूप लागलं. आणि मिरी सुधारली. सुधारली म्हणजे किती, तर शाळेतून आता कौतुकाचे फोन यायला लागले. वेळेवर उठायची, अंथरुणाची घडी अशी की कागद वाटावा. ताटली स्वतःची धुवायची, मग सगळ्यांच्या. आई कामावरून आली की चहा तयार असायचा, तोही पिण्याजोगा गरम. काहीही सांगा, एकच उत्तर. "हो आई, लगेच." आत्या जाताना आईचा हात धरून म्हणाली, "माझ्या भावाने एका फटक्यात सरळ केली हो पोरीला. नाहीतर तुमची ती समुपदेशक!"

आईला आनंद व्हायला हवा होता. झालाही. सुरुवातीला ती शेजारणीला सांगत सुटली होती. पण मग एक दिवस चहा पिता पिता तिच्या लक्षात आलं, की आपण कशाची तरी वाट बघतोय. मिरी उलट बोलेल याची. कितीतरी दिवसांत पोरगी "काय गं तू!" म्हणाली नव्हती. जेवताना मांडीवर पाय घेऊन बसली नव्हती. दार आपटलं नव्हतं. आई मुद्दाम म्हणाली, "मिरे, तुझं नाक त्या आत्यासारखं होत चाललंय." आधीच्या मिरीने यावर अर्धा तास वाद घातला असता.

"हो आई," मिरी म्हणाली.

आणि तेव्हा आईच्या कानाला ते कळलं. कान हेच तिचं पोट भरण्याचं साधन. आतलं माणूस घाबरलंय की आजारी आहे की खोटं सांगतंय, हे शब्दांच्या आधी श्वासावरून समजायचं तिला. कुणीही बोलण्याआधी श्वास घेतो. बारीकसा, नाकातून, स्वतःलाही कळत नाही असा. मिरी बोलण्याआधी श्वास घेत नव्हती. "हो आई, लगेच" हे नुसतं सुरू व्हायचं आणि नुसतं संपायचं. प्रत्येक वेळी त्याच सुरात.

आईने स्वतःला दटावलं. पोरगी ऐकत नव्हती तेव्हा रडलीस, आता ऐकते तर कान लावून बसलीस. तुझ्या डोक्याला काम कमी आहे.

त्यानंतर काही दिवसांनी आई सोफ्यावर पाय लांब करून पडली होती. मिरी येऊन पायथ्याशी बसली आणि न सांगता तिचे पाय चेपायला लागली. हात गारही नव्हते, गरमही नव्हते. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आई, मी बरोबर करते ना?"

"अगदी बरोबर करतेस, बाळा," ती म्हणाली. मिरीने मान हलवली आणि चेपत राहिली. थांब म्हणेपर्यंत थांबली नाही.

तो फोन आला तो दुपारी. खिडकीतून कामाच्या टेबलांवर ऊन पडलेलं, पलीकडे कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडत होतं. आईच्या टेबलावर घंटी वाजली. पडद्यावर पत्ता उमटायच्या जागी काहीच उमटलं नाही, नुसती रिकामी पांढरी पट्टी. असं कधीमधी होतं, वायरीचा दोष असतो. आईने डाव्या कानावर हेडफोन दाबला.

"घाबरू नका, मी बोलतेय. आत किती जण आहात?"

आधी श्वास आला. नाकातून, बारीक, शेवटाला किंचित अडकणारा. लहानपणी सर्दी झाली की मिरीचा अडकायचा तसा. आईच्या हातातलं पेन खाली ठेवलं गेलं.

"किती वेळ लावतेस गं!" आवाज म्हणाला. "कधीपासून वाजवतेय मी."

आईने इतक्या वर्षांत हजारो माणसांना धीर दिला होता. स्वतःला कसा द्यायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती सवयीने बोलत राहिली, कारण आवाज तुटता कामा नये. "ऐकतेय मी. कुठे आहेस?"

"जिन्यात. खालचं दार बंद झालंय आणि वरचा मजला येतच नाहीये. लाईटच नाही. बाबाला सांग ना चालू करायला. आणि रागावू नका, मी येतच होते जेवायला."

आईने उजव्या हाताने पर्समधला मोबाईल काढला. घरी लावला आणि उजव्या कानाशी धरला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"मिरी?" आई म्हणाली. "काय करतेस?"

"अभ्यास करतेय, आई," उजव्या कानात मिरी म्हणाली. श्वास नाही.

"बसलेय, दुसरं काय करणार," डाव्या कानात मिरी म्हणाली. "पाय गारठलेत माझे." मग ती थांबली. "कोणाशी बोलतेस तू?"

आई गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदा लाईनीवर गप्प राहिली.

"आई, माझ्या खोलीत कोण आहे?"

"चहा करून ठेवू का, आई?" उजव्या कानात.

"मी वर यायला बघते ना, तर येताच येत नाही," डाव्या कानात आवाज आता रडवेला झाला होता. "कोणीतरी माझ्या जागेवर बसलंय. तिला उठायला सांग ना."

आईने ती लाईन धरून ठेवली. सुट्टी होईपर्यंत, त्यानंतरही. पोहण्याच्या तलावातल्या निळ्या फरशांबद्दल बोलली, आत्याच्या नाकाबद्दल बोलली, आणि डाव्या कानात मिरी नाकातून हसली. मग कधीतरी लाईन आपोआप बंद पडली. आईने तोडली नव्हती.

घरी आल्यावर तिने बाबाला बोळकांडीत नेऊन सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात भांडी धुतल्याचा एकसारखा आवाज येत होता. आईला वाटलं होतं तो हसेल, किंवा डॉक्टरकडे चल म्हणेल. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"केबिन दबते," तो म्हणाला.

"काय?"

"आपण लिफ्टमध्ये पाय टाकला की केबिन जरा दबते. केसभर. तुला नाही कळणार, माझ्या तळपायांना कळतं. मांजर आत आलं तरी कळतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ती माझ्या मागून आत येते ना, तेव्हा दबत नाही."

"कधीपासून?"

"त्या दिवसापासून. म्हणून तिला घेऊन जिन्याने चढतो मी."

"आणि मला बोलला नाहीत?"

"काय बोलू? आपली पोरगी ऐकायला लागली, पण तिला वजन नाही असं सांगू?" त्याने खिशातली पेटीची किल्ली बाहेर काढली. "चाक फिरवलंच नाही गं मी. नुसता मेन पाडला आणि दार उघडलं."

दुसऱ्या दिवशी दोघांनीही रजा टाकली. सकाळचं ऊन मिरीच्या खोलीत आलं होतं. बाबाने लोखंडी पेटीचं कुलूप काढून यंत्र बाहेर आणलं, वायरी जोडल्या, आईच्या हातात खेळायचा कंट्रोलर दिला. पडदा आधी काळा होता, मग करडा झाला, मग त्यात एक जिना दिसायला लागला. सिमेंटचा, कठडा नसलेला, वरखाली अंधारात गेलेला. मधल्या एका पायरीवर एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिने मान वर केली.

आईने हेडफोन लावले. श्वास ऐकू आला.

"आलात एकदाचे," मिरी म्हणाली.

"आलो. दाराला हात लावू नकोस. बाबा पण आहेत."

आता जे करायचं होतं ते आईला रात्रभर माहीत होतं, आणि रात्रभर ती त्याच्याकडे पाठ करून पडली होती. जागा एकच होती. तिने हेडफोन काढले आणि हाक मारली, "मिरी, जरा इकडे ये."

"हो आई, लगेच."

ती हात पुसत आली. बाह्या दुमडलेल्या, मनगटाला साबणाचा फेस. दारात थांबली, ये म्हणेपर्यंत आत आली नाही.

"इथे बस, बाळा. खुर्चीत."

ती बसली. पडद्यासमोर बाबाची गॅसवर वरखाली होणारी खुर्ची होती, कुणी बसलं की फुसकन खाली जाणारी. गेली नाही.

आईने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. केस खाली अडकू नयेत म्हणून बाजूला घेतले. या पोरीने काय वाईट केलं होतं? चहा केला होता. पाय चेपले होते. विचारलं होतं, बरोबर करते ना. आईला एकदम वाटलं, पलीकडे बसलीय ती उद्धट, आळशी, ढकलणारी, आणि इकडे ही. जगातल्या कितीतरी आया डोळे मिटून हिला ठेवून घेतील.

"तुला तिथे जावं लागेल," आई म्हणाली. तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "त्या पायरीवर. मी बोलवेपर्यंत तिथेच थांबायचं."

मुलीने पडद्याकडे पाहिलं. मग आईकडे.

आणि तिने श्वास घेतला. बारीकसा, नाकातून.

"हो आई," ती म्हणाली.

'लगेच' म्हणाली नाही.

आईला पुढचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. तिने कंट्रोलर धरला. पायरीवरची मुलगी उभी राहिली. आईला खेळ येत नव्हता, मुलगी भिंतीला धडकली, परत फिरली.

"हळू," मागून बाबा म्हणाला. चाक फिरवताना म्हणतो त्याच आवाजात. "घाई नको. एक पायरी."

एक पायरी.

"हां. आता दुसरी."

खुर्चीतली पोरगी सरळ बसून होती. तिच्या हाताला अजून फेस होता.

"थोडं अजून."

जिना वर जात राहिला. मग अंधारात एक आडवी उजळ रेघ दिसली. उंबरठ्याची.

"थांब," बाबा म्हणाला. "अजून अर्धा पाय. हां. हां... आला मजला."

घंटा वाजली.

खुर्ची फुसकन खाली गेली.

मिरीने हेडफोन ओढून काढले, आईच्या पोटात डोकं खुपसलं आणि मोठमोठ्याने रडायला लागली. नाक गळत होतं. अंगाला जिन्यातल्या सिमेंटसारखा गार वास येत होता. "काय गं तू! किती वेळ!" ती हुंदक्यांमध्ये म्हणत होती, आणि मग, "माझे हात ओले कसे?"

आईने तिचे हात स्वतःच्या पदराने पुसले.

मिरी परत आली ती आधीसारखीच आली. अंथरूण तसंच, ताटल्या पलंगाखाली. शाळेतून पुन्हा तक्रारींचे फोन. आत्याने लांबून बोल लावले, "एवढी सुधारली होती पोरगी, काय करून ठेवलंत?" बाबा म्हणाला, "ताई, होती तशी बरी आहे," आणि फोन ठेवला. यंत्र परत पेटीत गेलं नाही. तिघांनी बसून वेळ ठरवली. मिरीने भांडून थोडी वाढवून घेतली. त्या वेळात आई किंवा बाबा, कुणीतरी एक शेजारी बसतं आणि वेळ संपली तरी घंटा वाजेपर्यंत थांबतं. कधी ती ऐकते, कधी घर डोक्यावर घेते. पोहायला जाते, तेही कुरकुरत. समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या तसे दिवस लागतायत. केबिन दबते, बाबाने पहिल्याच दिवशी पाहून घेतलं.

आई कामावर जाते. मधूनच तिची नजर पडद्यावरच्या त्या पांढऱ्या पट्टीकडे जाते. ती लाईन पुन्हा वाजली नाही. वाजणारही नाही, हे आईला ठाऊक आहे. थांब सांगितलंय तिला. आणि बोलवायचं म्हटलं तर कुठे बोलवणार, जागा तर एकच आहे.

काल संध्याकाळी मिरी खेळत होती आणि आई शेजारी स्वेटरचं बटण लावत बसली होती. खालच्या एका जिन्यावरून जाताना मिरी थांबली. तिथे पायरीवर एक मुलगी बसलेली असते, येणाऱ्याला बाजूला सरून वाट देते आणि परत बसते. मिरीचे दोस्त म्हणतात, खेळातच असेल, नवीन घातलीय. मिरी तिच्याविषयी काही विचारत नाही, आई काही सांगत नाही.

"आई, हे बघ," मिरी म्हणाली.

"काय?"

"खेळात कुणाचे केस कधीच वाढत नाहीत. माझे पण नाही, पहिल्या दिवशी होते तेवढेच आहेत." तिने पडद्याला बोट लावलं. "हिचे वाढलेत."

आईने सुई टोचून ठेवली आणि पाहिलं. केस खरंच वाढले होते. पाठीवरून उतरून खालच्या पायरीला टेकत होते, आणि अगदी नीट विंचरलेले होते.